डोंगरगढ आलं की डबा

सप्टेंबर सरत आला की भिलाईत मरोद्याच्या तलावावरून येणारा वारा कोरडा होतो. पावसाळाभर भिंतींना धरून बसलेली ओल मागे हटते, रस्त्याकडेला कासाचं पांढरं गवत फुलतं, आणि चार महिने ढगांत मिसळून गेलेला पोलाद कारखान्याचा धूर पुन्हा वेगळा ओळखू येतो. शाळेत सहामाही परीक्षा उरकते. दुसरीच्या पोरांना परीक्षेचं कसलं आलंय ओझं, पेपर लिहितानासुद्धा त्यांचा एक डोळा खिडकीबाहेर असतो. पण परीक्षेनंतर काय, हे त्यांना पक्कं माहीत असतं. वर्गातलं हिरवं कपाट उघडतं. यंदाही परवा मी त्याची कडी काढली आणि मागून कोणीतरी विचारलं, कौन सा त्योहार पहले? त्याला लागूनच दुसरा प्रश्न आला, और खाने में क्या?

हे दोन प्रश्न एका दमात यावेत म्हणून मी बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे ते ऐकले की माझी मान आपोआप ताठ होते. आमची शाळा हिंदी माध्यमाची, लहानशी. सणाच्या सुटीच्या आदल्या दिवशी निम्मा वर्ग येतच नसे, आणि जो येई तो दप्तर पाठीवरून न काढता बसे. कपाटात सणांची चित्रांची पुस्तकं होती. पोरं चित्रं बघत, पान उलटत, आणि वाच म्हटलं की एकेकाला तहान लागे. मीही बाई हट्टी. चित्रावरून अक्षराकडे यांना आणायचं कसं, या एकाच काळजीत मी एक अख्खा पावसाळा काढला होता.

मग एका डिसेंबरात एका मल्याळी मुलाच्या आईने वर्गासाठी नाताळचा केक पाठवला. त्या दिवशी वाचायच्या पुस्तकात बर्फच बर्फ होता. भिलाईच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तो आभाळातून पडतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी समोरच्या दुकानातून खोबऱ्याच्या किसाचं पाकीट आणलं आणि पान वाचता वाचता केकवर भुरभुरवलं. जो ते वाक्य वाचेल त्याच्या तुकड्यावर बर्फ पडेल, असं सांगितलं. त्या दिवशी कुणालाही तहान लागली नाही. त्या वर्गातली एक मुलगी आता मोठी झाली आहे, रस्त्यात भेटते, आणि बर्फाला खोबऱ्याची चव असते हे तिचं मत अजून बदललेलं नाही.

तेव्हापासून वर्गाचा रिवाज पडला. सुटीच्या आदल्या दिवशी त्या सणाचं पुस्तक, आणि पुस्तकातल्याच पानावरचा खाऊ. खाऊ ज्याचा सण त्याच्या घरचा. ईदला एकाचे अब्बा स्कूटरवर दोन्ही पायांच्या मध्ये शेवयांचं पातेलं धरून आले होते आणि गेटपाशी ब्रेक लावताना त्यांचा जीव नुसता पातेल्यात होता. पौषातल्या छेरछेऱ्याला छत्तीसगढी पोरं टोपली घेऊन दारोदार धान मागत फिरतात, त्या पुस्तकाबरोबर मुर्र्याचे, म्हणजे मुरमुऱ्यांचे, लाडू आले, आणि ‘मुर्रा’मधलं अवघड जोडाक्षर वर्गाने लाडू हातात असताना एका तासात पचवलं. संक्रांतीला तर भांडण झालं. तेलुगू मुलीने अरिसेलु आणले, छत्तीसगढी पोरं म्हणाली हा तर आमचा अइरसा, ओडिया मुलाने आपला आरिसा पुढे केला, आणि मी म्हटलं की आम्ही याला अनारसा म्हणतो. अर्धा तास चौघांचं वाजलं. कारखान्यामुळे देशभरातली माणसं इथे येऊन बसली खरी, पण तांदूळ-गुळाने ती आधीपासूनच एकमेकांना ओळखत होती, हे मला त्या दिवशी दुसरीच्या वर्गात कळलं.

त्याच वर्गातल्या लास्याने मला विचारलं होतं. संक्रांतीला नव्हे, त्याच्या आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दसरा त्या वर्षी महिनाअखेरीस होता. लास्या म्हणजे दोन वेण्या, मोठं कपाळ, आणि हिशेबाला पक्की. दसऱ्याच्या सुटीवर आमच्या वर्गात आधीच दोघांचा हक्क होता. एक दहा तोंडांचा रावण, दुसरी बंगाल्यांची दुर्गा. मी दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली होती. लास्याने बोटांवर वर्गातल्या सगळ्यांचे सण मोजले, कुणाचा झाला, कुणाचा यायचाय, आणि एक बोट उरलं. तिने ते माझ्याकडे धरलं. “मैडम, आपका वाला कब आएगा?”

मी म्हटलं, हाच की, दसऱ्याचा दिवस. ती म्हणाली, हा तर सगळ्यांचा आहे. मग मी सांगितलं की या दिवशी आमच्या घरचे नागपूरला जातात. तिथे काय खातात, तिने विचारलं. आणि मी, जिने सगळ्या वर्गाला सणागणिक पक्वान्नं वाचायला शिकवली, ती मी टेबलावरची पुस्तकं सारखी करायला लागले.

कारण खरंच, काय खातो आम्ही? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ठरलेलं असं पक्वान्न नाही. आमच्या सणाला मुळात चूल घरी नसते, माणसंच घरी नसतात. ती दुर्ग स्टेशनवर असतात. लहानपणचा तो दिवस मला वासासकट आठवतो. पांढरे कपडे, त्यांना इस्त्रीचा आणि निळीचा वास. फलाटावर इतकी पांढरी गर्दी की बाबा मला खांद्यावर घेत आणि मी वरून आईच्या हातातला जेवणाचा डबा कुठवर पोचला ते त्यांना सांगे. गाडीच्या डब्यात शिरायला जागा नाही, तरी ‘जयभीम’ म्हटलं की कुठूनतरी वीतभर बाक निघे. गाडी सुटली की मला भूक लागे. आणि आईचा नियम असा, की डोंगरगढ येईपर्यंत डबा उघडायचा नाही. का, ते तिने कधी सांगितलं नाही. मी राजनांदगावलाच रडायला सुरुवात करी. डोंगरावरचं देऊळ खिडकीतून दिसलं की अख्ख्या डब्यात सगळ्यांच्या पिशव्या एकदम सुटत, म्हणजे तो नियम एकट्या आईचा नसावा. आमच्या पिशवीतून गुळाच्या पुऱ्या निघत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक, वरून तीळ, आणि तेल असं की बोटं चकाकावीत. तीन दिवस टिकत. म्हणजे टिकल्या असत्या, पण गोंदियापर्यंत संपत.

आणि परतताना पुस्तकं. हे मला कॉलनीतल्या कुणालाच नीट समजावून सांगता आलं नाही. दसरा झाला की शेजाऱ्यांकडे मिठाईची खोकी दिसत. आमचे बाबा पुस्तकांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन येत, गमछ्याची चुंबळ करून. नागपूरच्या त्या मैदानाभोवती मैलभर पुस्तकांचीच दुकानं लागतात, आणि दिवसभर उन्हात चाललेली माणसं पाणी घेण्याआधी पुस्तक घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. घरात कपाट नव्हतं, म्हणून रजयांच्या पेटीत पुस्तकं आणि रजया वर. हिवाळ्यात रजई काढली की तिला छापील कागदाचा वास येई. ज्या सणाहून माणसं पुस्तकं घेऊन घरी येतात, तो माझा सण. याचा मला किती अभिमान आहे हे लिहून सांगायला मी संकोच करणार नाही.

पण ती पुस्तकं जाड, बारीक अक्षरांची, मोठ्यांची. सात वर्षांच्या पोराला हिंदीतून वाचता येईल असं, चित्रांचं, आमच्या सणाचं पुस्तक मला तेव्हा काही मिळालं नाही. मी घरी येऊन हे चहा पिताना बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत बाबा पुठ्ठा आणि कागद कापत बसलेले दिसले.

माझे बाबा कारखान्यात पेंटर होते. भिंती रंगवणारे नव्हेत, सुरक्षेच्या पाट्या करणारे. क्रेनखाली उभं राहू नका, चष्मा घाला, इथे विजेचा धोका आहे, अशा पाट्या. नोकरीभर त्यांनी माणसं काढली ती पडणारी, भाजणारी, बोटं गमावणारी, आणि त्यांच्या शेजारी हसतमुख, नियम पाळणारी. निवृत्तीनंतर त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवले होते ते आता बाहेर निघाले. रोज दुपारी एक पान. मी शाळेतून येई तेव्हा ओसरीच्या तारेवर चिमट्याने लावलेलं नवं पान वाळत असे.

दुर्ग स्टेशनचं पान पाहून मी थबकले. फलाटाच्या काठाला त्यांनी पिवळे-काळे पट्टे मारले होते, इतके सरळ की पट्टीशिवाय काढले यावर विश्वास बसू नये. गाडीच्या दरवाजाच्या दांड्याला बाण काढून, धरा, असं लिहिलं होतं. आणि फलाटावरच्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात हेल्मेट. बायांच्या, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या. नऊवारी नेसलेली माझी आजी, हातात पिशवी, डोक्यात पिवळं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा घट्ट.

मी हळूच म्हटलं, बाबा, यात्रेला कोणी हेल्मेट घालून जातं का? त्यांनी चित्र लांब धरून पाहिलं. त्यांच्या ते खरंच लक्षात आलं नव्हतं. “मले केस काढता येत नाई, बाई,” ते म्हणाले. “आजलोक कोनाचे काढलेच नाई. आता टकले करू का समद्याईले?”

हेल्मेट राहिली. पुढची पानं मी निमूटपणे बघत गेले. खिडकीबाहेर कास, पुलाखालची शिवनाथ, राजनांदगाव, मग डोंगर. प्रत्येक पानाखाली मी एक-दोन सोपी वाक्यं लिहिली आणि बाबांनी ती पाटीच्या अक्षरांत उतरवली, ठळक, लांबून वाचता येतील अशी. रडणारी मुलगी पानोपानी विचारते, डब्बा कब खुलेगा? आणि प्रत्येक पानावर तिला उत्तर मिळतं, अभी नहीं. मग एक जोडपान येतं, त्यावर फलाटाच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव, आणि खाली, डोंगरगढ़ आया. अब डब्बा खोलो. डबा आईचाच होता, स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला. शेवटच्या पानावर नागपूरच्या स्तूपाचा पांढरा घुमट, आभाळाला टेकलेला, आणि त्याच्यापुढे पुस्तकं घेऊन निघालेली माणसं, अर्थात हेल्मेटसकट.

पुस्तक झालं. आता डबा भरायचा राहिला. मी आईला म्हटलं, सुटीच्या आदल्या दिवशी वर्गासाठी गुळाच्या पुऱ्या लागतील. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “दुकानातून काही घेऊन जा,” ती म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकात पुऱ्या आहेत, आणि नियमच आहे, ज्याचा सण त्याच्या घरचा खाऊ. मग ती म्हणाली, “आपल्या घरचं नको नेऊ शाळेत. लोकाईचे पोट्टे हायेत ते.”

मला तिचा राग आला. हे भिलाई आहे, म्हटलं, इथे कोण बघतं? आणि बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं, की दिवाळीला आई शेजारी देते तो डबा नेहमी दुकानातला असतो, चिकटपट्टी न काढलेला. लोकांच्या घरून करंज्या येत, चकल्या येत, बंगाली काकूंचे नारळाचे लाडू येत, आणि आमच्याकडून परत जाई तो बंद खोका. मी जन्मभर समजत होते की आईला फराळाचा कंटाळा आहे.

त्या दुपारी तिने सांगितलं. ती तुमसरकडच्या एका खेड्यात तिसरीत होती. शाळेत कसलासा कार्यक्रम होता आणि प्रत्येकाने घरून काही आणायचं होतं. तिच्या आईने गुळाच्या पुऱ्या दिल्या. डबा मास्तरांकडे जमा झाला आणि संध्याकाळी रिकामा परत मिळाला. आई उड्या मारत घरी निघाली. विहिरीच्या वळणावर गव्हाणीत तिला पुऱ्या दिसल्या, सगळ्या, तीळ लावलेल्या बाजूने वर. मास्तरांचा बैल खात होता. “चांगला मजेनं खात होता,” आई म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

बाबांनी डोंगरगढचं ते जोडपान आईसमोर धरलं आणि म्हणाले, “तुयाच डबा काढला मी. आता रिकामा दाखवू का त्याले?”

आईने चित्र पाहिलं. पोच्यासकट डबा होता. हेल्मेट घातलेली ती स्वतः होती. मग ती म्हणाली की नाक थोडं मोठं काढलंय. सुटीच्या आदल्या पहाटे मला तेलाच्या आणि गुळाच्या वासाने जाग आली. ती पुऱ्या तळत होती, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, तूही चल शाळेत, आपल्या हाताने वाढ. तिने नकार दिला. डबा माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, “मी करून देल्ल्या. पन कोनं खाल्लं, कोनं नाई, ते मले येऊन सांगू नको. अन् रिकामा डबा दाखवू नको. रिकामा डबा म्या पाह्यला हाय.”

रस्ताभर डबा माझ्या मांडीवर गरम होता आणि मला भीती वाटत होती. मी शिक्षिका, कारखान्याच्या गावात वाढलेली, आणि पुऱ्यांच्या डब्याची भीती. वर्गात आद्या नावाची मुलगी होती, तिच्या घरी बाहेरचं काही खायचं नाही असा कडक नियम होता. बाकीच्या सणांना ती आपलं बिस्कीट काढून खाई, आणि विचारलं तर पोट दुखतं म्हणे. तिच्यामागे आणखी कुणाचं पोट दुखलं तर, हा विचार मी डोंगरासारखा उरावर घेऊन वर्गात शिरले.

पुस्तक उघडलं. हेल्मेटांविषयी मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही. ज्यांचे बाप रोज सकाळी हेल्मेट घालून घरातून निघतात, त्या पोरांना यात विचारण्यासारखं काय होतं? उलट लास्याने बारकाईने पाहून सांगितलं की सगळ्यांचे पट्टे लागलेले आहेत, शाबास. बाबांना हे सांगितलं तेव्हा निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या शालीपेक्षा त्यांना ते जास्त आवडलं.

दुसऱ्या पानापासून वर्ग माझ्या हातचा राहिला नाही. कुणीतरी बाकं एकामागे एक लावली. आद्याचा बाक पहिला होता, म्हणून ती ड्रायव्हर झाली. पुस्तक एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जायला लागलं, कारण प्रत्येकाला एक पान वाचायचं होतं आणि ते मोठ्याने वाचायचं होतं. डब्बा कब खुलेगा, असं एक बाक विचारी आणि सगळी गाडी ओरडे, अभी नहीं. शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात येऊन बघून गेल्या. एरवीचा माझा नियम असा, की आधी पुस्तक, मग ते कपाटात, मग खाऊ, आणि शेवटी नळावर हात धुणं. पण डोंगरगढचं पान आलं आणि सगळी गाडी उभी राहिली. पुस्तकात लिहिलंय, डब्बा खोलो. मग पुस्तक संपेपर्यंत थांबायचं कसं? मी म्हटलं, शेवटची पानं राहिलीत. लास्या म्हणाली, मैडम, यहीं लिखा है. लिहिलेल्या शब्दाला मान द्यायला मीच शिकवलं होतं, आता तो माझ्यावरच उलटला.

मी डबा उघडला. वास वर्गभर पसरला. मी मुद्दाम मागच्या बाकापासून वाटत आले आणि पुढच्या बाकापाशी येऊन क्षणभर थांबले. आद्याच्या दप्तरातून बिस्किटाचा पुडा डोकावत होता. मी तिला आग्रह केला नाही, डबा फक्त समोर धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, पुऱ्यांकडे पाहिलं, मागे लागलेल्या गाडीकडे पाहिलं. “ड्राइवर भी तो खाएगा,” ती म्हणाली, आणि तिने पुरी घेतली. आधी एक टोक चाखलं. मग ती दोन्ही हातांनी खायला लागली, आणि गाडी काही काळ चालकाशिवाय होती.

पुऱ्या खाता खाता गाडी पुन्हा पहिल्या पानापासून सुटली, आणि राहिलेली पानंही गाडीतच वाचली गेली. माझं लक्ष पोरांच्या तोंडांकडे होतं, हातांकडे नव्हतं. घुमटाच्या पानावर गाडी थांबली. एवढी पुस्तकं खरंच मिळतात का, असं एकाने विचारलं, आणि मी हो म्हटलं. घंटा झाली. सुटी लागली.

घरी आले तेव्हा दुपारचं ऊन ओसरीत अर्ध्यापर्यंत आलं होतं. बाबा पायरीवर वाट बघत होते. आई आत होती, दारातून तिची पाठ दिसत होती. डबा मी न बोलता ओट्यावर ठेवला. तिने झाकण उघडलं नाही, विचारलंही नाही, डबा तसाच मोरीत सरकवला. मला सांगायचं होतं, आणि सांगू नको असं तिने बजावलेलं. सांगून तरी काय, लेक आईला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल, हे तिलाही ठाऊक होतं.

बाबांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडलं. मग दुसरं. त्यांचा चेहरा उतरला. “तेल लागलं,” ते म्हणाले. मी वाकून पाहिलं. पानोपानी डाग. इंजिनावर, पुलावर, हेल्मेटांवर. डोंगरगढच्या जोडपानावर तर इतके, की कागद मागून पुढून एक झाला होता. ज्या माणसाने पिवळ्या पट्ट्याची कड कधी इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याचं पुस्तक तेलात बुडालं होतं. मी माफी मागायला लागले. बाबा उठले आणि पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश घेऊन आले, जिथे झाकता येईल तिथे झाकू म्हणून.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. काय झालं, तिने विचारलं. बाबांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, पायरीच्या कडेला उन्हात नेलं आणि पान उभं धरलं. तेलाचे डाग उन्हात उजळले. गोल, लहान लहान. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पान उलटायला धरतात तिथे, एकावर एक अंगठे. कुठे गूळ लागलेला, कुठे तीळ चिकटून वाळलेला. एक डाग वरच्या कडेला होता, तिथे पान कुणी हिसकून घेतलं असणार. आईने प्रत्येक पान तसं उभं धरून पाहिलं. अगदी शेवटच्या, पांढऱ्या घुमटाच्या पानापर्यंत. तिथेही होते. पुरी संपल्यावरही बोटं तेलकटच होती.

बाबांनी ब्रश बाटलीत बुडवला. आईने त्यांचा हात धरला.

“हात नका लावू त्याले,” ती म्हणाली.

मग ती पायरीवर बसली, पुस्तक मांडीवर घेतलं, पहिलं पान उघडलं आणि इंजिनावरच्या सगळ्यात ठळक अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं. तिचा चेहरा असा मोकळा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

“आता सांग,” ती म्हणाली. “कोनं कोनं खाल्लं, समद्याईचे नावं सांग मले.”

मी तिच्याशेजारी बसले आणि गाडीच्या ड्रायव्हरपासून सुरुवात केली.